अमुक घरांचा, अमुक अक्षरं असलेला इंग्रजी शब्द तुम्ही कसा हुडकता?

उभाआडवा:

काल रात्री एका शब्दानं जाम छळलं. इंग्रजी शब्दकोडं होतं. सहा घरं, दुसऱ्यात एच, पाचव्यातही एच, बाकी चार रिकामी. सूत्र साधारण असं: ठरावीक अंतरानं पडणारे ठोके.

एच दुसऱ्या घरात म्हणजे पहिल्यात सी, एस, टी, डब्ल्यू नाहीतर पी, हे मी गृहीतच धरलं. मग तिसऱ्या घरात ए, ई, आय, ओ, यू ओळीनं बसवून पाहिले. अर्धा तास गेला. शेवटी कागद मिटला, दात घासायला गेलो आणि तोंडात ब्रश असताना उत्तर आलं. रिदम. आर-एच-वाय-टी-एच-एम.

खरी गोची पुढेच आहे. 'रिदम' त्याआधी दोनदा डोक्यात येऊन गेला होता आणि मीच त्याला हाकलून दिलं होतं. कारण रिदममध्ये 'ह' ऐकूच येत नाही, आणि इथे तर दोन-दोन हवे होते. शिवाय र, द, म झालं की माझ्या लेखी शब्द संपला. त्याला सहा घरं कशाला लागतील?

तर प्रश्न असा, की लांबी माहीत आहे आणि दोन-तीन अक्षरं माहीत आहेत, अशा वेळी तुम्ही डोक्यात शब्द कसा शोधता? अक्षरं भरली की यादी काढून देणाऱ्या साइट्स आहेत, ते ठाऊक आहे. त्यांच्याबद्दलही बोलू, पण आधी डोकं. कीबोर्ड सारखा बदलायचा कंटाळा येतो, म्हणून स्पेलिंग मी असंच देवनागरीत लिहिणार. चालवून घ्या.

निवांत:

सोपं आहे. बायकोला विचारतो.

जुनाखडू:

उभाआडवा, तुमची चूक पहिल्याच पावलाला झाली. दुसरा एच असेल तर पहिल्या घरात आर, जी, के हेही येतात. ऱ्हाइम, घोस्ट, खाकी. आणि आर-एच दिसलं की कान टवकारायचे, कारण ते ग्रीक घराणं आहे. ग्रीकमधून आलेल्या शब्दांच्या काही खुणा ठरलेल्या असतात: सुरुवातीला आर-एच किंवा पी-एस, 'फ'साठी पी-एच, 'क'साठी सी-एच, आणि मधोमध बसलेला वाय. एक खूण सापडली की दुसरी तिथेच आसपास असते. रिदममध्ये आर-एच आणि वाय दोन्ही आहेत. तुम्ही पाच स्वर बसवून पाहिलेत, सहावा विसरलात. निम्फ, क्रिप्ट, ट्रिस्ट, ग्लिफ, पिग्मी या सगळ्यांत ए-ई-आय-ओ-यू पैकी एकही नाही. स्वराचं काम वाय करतो.

शिकवायचो तेव्हा मुलांना सांगायचो, शब्द शेवटाकडून पकडा. इंग्रजी शब्दाचं डोकं कसंही असतं, शेपटी मात्र ठरलेली. सात-आठ घरांचा शब्द असेल आणि हातात आय, एन, जी असतील, तर ते तिघे उचलून शेवटी ठेवायचे. तसंच ई-आर, ई-डी, एल-वाय, सी-के, एन-जी. यातले शेवटचे दोन तर सुरुवातीला जवळपास येतच नाहीत.

काही अक्षरांचे पाय बांधलेले असतात, तीही माहीत असावीत. अस्सल इंग्रजी शब्द व्ही किंवा जे वर संपायला तयार नसतो. गिव्ह, हॅव, लव्ह यांच्या शेवटी तो बिनकामाचा ई लावला आहे, तो व्हीला उघडं सोडायचं नाही म्हणून. शेवटचं घर व्हीचं निघालं तर आपलं आडवं उत्तर चुकलंय असं समजून मी खोडरबर हातात घेतो. दहातल्या नऊ वेळा चुकलेलंच असतं.

मधली सुट्टी:

खडूकाका, जे वर संपणारे आहेत की. राज, ताज, स्वराज. स्क्रॅबलच्या यादीत तिन्ही चालतात.

जुनाखडू:

म्हणून तर 'अस्सल इंग्रजी' म्हटलं. ते आपल्याकडून नेलेले. :)

मधली सुट्टी:

मूळ प्रश्नाबद्दल. माझ्याकडे एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय 'कान बंद'. न ऐकू येणारी अक्षरं जागेनुसार लिहून ठेवली आहेत. सुरुवातीला के-एन (नी, नॉक, नाइफ, नील), डब्ल्यू-आर (रिस्ट, राँग, रॅथ), जी-एन (नोम, नॅश), पी-एस (साम, साइक). शेवटी एम-बी (थम, क्लाइंब, नंब). मध्ये एस-टी-एल (कॅसल, व्हिसल). बी-टी डेट, डाउट आणि सटलसाठी.

के-एन मधला के एकेकाळी खरंच उच्चारला जायचा, पुढे जीभ आळसावली आणि स्पेलिंग मागे राहिलं. डेटचं मात्र उलटं. त्यात बी कधी ऐकूच येत नव्हता, विद्वानांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो नंतर घुसवला. म्हणजे सूड कोणावर घ्यायचा ते नीट ठरवा.

आपण ऐकलं तसं लिहिणारी माणसं. इंग्रजी शब्द आठवताना डोक्यात आधी आवाज येतो, मग त्या आवाजाची अक्षरं आपण घरांत बसवतो. बसली नाहीत की शब्दच बाद. मी आता पेन्सिलीनं रिकाम्या घरांसकट चौकट मोठी काढते आणि ओठ मिटून तिच्याकडे नुसती बघते. हसू नका, उपयोग होतो.

निवांत:

हसत नाहीये. ओठ मिटलेत.

टिंबटिंब:

मी वेगळ्या जातीचा आहे, मी चाळणी लावतो. युनिक्सच्या जमान्यापासून संगणकावर 'वर्ड्स' नावाची एक साधी फाइल असते, एका ओळीवर एक शब्द. मॅकवर आहे तिच्यात २ लाख ३५ हजारांच्या वर ओळी आहेत. त्यावर ग्रेप (नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी शोधून देणारी आज्ञा) चालवायचं. पाच अक्षरी शब्द हवा असेल तर खूण एवढीच:

^.....$

टोपी म्हणजे ओळीची सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट, मधलं प्रत्येक टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. माझं टोपणनाव तिथूनच आलं. कालच्या कोड्यात सहा टिंबं काढून दुसऱ्या आणि पाचव्याच्या जागी एच लिहिला असता तर काम झालं असतं. ज्यांना काळ्या पडद्याची भीती वाटते त्यांनी एक्सेलमध्ये यादी टाकावी आणि कस्टम फिल्टरमध्ये 'इक्वल्स'पुढे पाच प्रश्नचिन्हं द्यावीत. तिथे प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर. वनलुक या शब्द शोधायच्या साइटवरही तसंच, आणि तिथे नमुन्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं देऊन अर्थाचा शब्दही जोडता येतो. शब्दकोड्याला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

पण लोक गोंधळतात ते पुढे. 'ही अक्षरं असलेला शब्द' या एका वाक्यात तीन निराळे प्रश्न दडलेले आहेत. ही अक्षरं शब्दात कुठेतरी असावीत, बाकी काहीही चालेल, हा एक. फक्त याच अक्षरांतून शब्द बनवायचाय, हा दुसरा. आणि अक्षराची जागाही ठरलेली आहे, हा तिसरा. शब्दकोड्यात तिसरा असतो, स्क्रॅबलच्या पट्टीवर दुसरा, वर्डलमध्ये (पाच अक्षरी गुप्त शब्द सहा डावांत ओळखायचा ऑनलाइन खेळ) पहिल्या आणि तिसऱ्याची भेळ. साइटवर चुकीच्या चौकोनात अक्षरं भरली की एकतर शून्य शब्द येतात नाहीतर चार हजार, आणि माणूस साइटला शिव्या घालतो.

स्क्रॅबलमध्ये मोजणीही लागते. पट्टीवर पी एकच असेल तर 'पेपर' होत नाही, त्याला दोन लागतात. नुसतं 'पी आहे का' एवढंच विचारणारी चाळणी मात्र पेपर खुशाल देऊन मोकळी होते.

निवांत:

आता गंभीर. साइट उघडून शोधायचं तर कोडं सोडवायचं कशाला? उत्तराचं पान उलटून बघा ना सरळ.

उभाआडवा:

निवांत, मला फरक वाटतो. उत्तर बघितलं की खेळ संपतो. यादी बघितली तर वीस शब्दांतला कुठला, हे सूत्रावरून ठरवणं उरतं, आणि त्यात बहुतेक वेळा एखादा कधीच न भेटलेला शब्द भेटतो. तरी स्पर्धेत किंवा समोर माणूस असताना नाही. ते पाप.

वेलांटी:

माझा बालवाडीतला प्रश्न आहे, रागावू नका. मी वर्डल नुकतंच सुरू केलंय. परवा 'स्पीड' लिहिलं, एस-पी-ई-ई-डी. पहिला ई पिवळा आला आणि दुसरा राखाडी! पिवळा म्हणजे आहे पण जागा चुकली, राखाडी म्हणजे नाहीच. मग ई आहे की नाही? मला वाटलं खेळ बिघडला, मी पान पुन्हा उघडलं.

पाचअक्षरी:

बिघडलेला नाही. :) त्या दिवशीचं उत्तर 'अबाइड' होतं असं धरा, ए-बी-आय-डी-ई. त्यात ई एकच आहे. तुम्ही दोन दिलेत. खेळ आधी बरोबर जागी पडलेली अक्षरं हिरवी करतो आणि मग उरलेल्यांचा डावीकडून एकेकाचा हिशोब चुकता करतो: पहिल्या ईला पिवळा रंग मिळाला आणि शिल्लक संपली, म्हणून दुसरा राखाडी. म्हणजे तुम्हाला एका फटक्यात तीन गोष्टी कळल्या होत्या. ई आहे, एकच आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या घरात नाही. उरली तीन घरं. डी पिवळा आला असणार, म्हणजे तोही आहे पण शेवटी नाही. टिंबटिंब म्हणतात ती मोजणी हीच.

आता मी रोजचा खेळाडू म्हणून एक सापळा सांगतो. पहिल्या-दुसऱ्या डावात शेवटची चार घरं हिरवी झाली, आय-जी-एच-टी. माणूस हुरळतो. आणि मग लाइट, माइट, नाइट, राइट करत सहाही डाव घालवतो. कारण फाइट, साइट, टाइट आणि एटसुद्धा आहेत. आठ शब्द, चार-पाच डाव. नुसतं नशीब.

इथे जिंकायचा विचार सोडून शोधायचा विचार करायचा. 'फिल्म्स' लिहायचं, एफ-आय-एल-एम-एस. एवढ्यानं एफ, एल, एम, एस चारही तपासून होतात. यांतल्या एकाला रंग आला तर उत्तर मिळालं. नाही आला तर उरले नाइट, राइट, टाइट, एट. मग 'एंटर', ई-एन-टी-ई-आर. पहिला ई हिरवा झाला तर एट, एन पिवळा तर नाइट, आर पिवळा तर राइट, आणि टी सोडून कशालाच रंग नाही तर टाइट. दोन डाव वाया घालवून तिसरा पक्का. जुन्या मूळ यादीत एस लावून केलेली साधी अनेकवचनं उत्तर म्हणून जवळपास ठेवलेलीच नव्हती, म्हणजे 'फिल्म्स' स्वतः उत्तर असण्याची आशा धरायची नाही. ती फक्त कंदील. (हार्ड मोडवाल्यांना हे करता येत नाही, त्यांना मिळालेलं हिरवं जागेवर ठेवावंच लागतं. ते त्यांच्या कर्मानं मरतात.)

वेलांटी:

पाचअक्षरी, कागदावर करून पाहिलं, आठही शब्द घेऊन. खरंच प्रत्येक वेळी सुटतं! पहिला शब्द कुठला टाकावा तेही सांगा ना. मी 'अड्यू' टाकते, चार स्वर एकदम जातात.

पाचअक्षरी:

'अड्यू' सगळेच टाकतात आणि माझ्या मते तो वाया जातो. स्वर कळून शब्द कळत नाही, शब्द व्यंजनांनी बांधलेला असतो. 'क-ट' म्हटलं तर तुम्ही कट, किट, कोट असं काहीतरी पकडाल. 'आ-ए' म्हटलं तर काय पकडणार? वर्डल २०२१ मध्ये जॉश वॉर्डलनं लोकांपुढे ठेवलं आणि जानेवारी २०२२ अखेर न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतलं. तेव्हा उत्तरांची यादी २,३०० च्या आसपास होती. त्या यादीवर संगणक लावून लोकांनी सगळ्या शक्यता तपासल्या. 'सॅलेट', एस-ए-एल-ई-टी, हा शब्द सर्वांत वर आला, सरासरी ३.४२ डावांत उत्तर. थ्री ब्लू वन ब्राउन या गणिताच्या यूट्यूब चॅनेलवाल्यांनी आधी 'क्रेन' म्हटलं होतं, मग आपल्याच प्रोग्रॅममध्ये चूक सापडल्यावर दुसरा व्हिडिओ काढून मागे घेतलं. मला ते फार आवडलं होतं. मी अजून क्रेनच टाकतो.

मधली सुट्टी:

इंग्रजीत जास्त येणारी अक्षरं म्हणजे ई-टी-ए-ओ-आय-एन, असं लहानपणी पाठ केलं होतं. मग सॅलेटमध्ये एस, एल कसे?

टिंबटिंब:

तो क्रम चालू मजकुराचा आहे. त्यात 'द' दर ओळीत येतो, म्हणून टी आणि एच फुगतात. शब्दांच्या यादीत मात्र 'द' एकदाच. तिथे आर, एल, एस वर सरकतात आणि एच खाली जातो. वर्तमानपत्र मोजायचं की कोश मोजायचा, यावर सगळं आहे. स्क्रॅबल बनवणाऱ्या आल्फ्रेड बट्सनं वर्तमानपत्राची पानं मोजून सोंगट्या ठरवल्या होत्या. पण १०० सोंगट्यांत एस चारच ठेवले. मुद्दाम. नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याच्या शब्दाला एस चिकटवून गुण लाटत बसला असता.

जुनाखडू:

स्क्रॅबलचा विषय निघालाच आहे तर. सात सोंगट्या हातात आल्या की त्या ओळीत लावू नका, गोलात मांडा. ओळीत लावलं की डोळा डावीकडून वाचायला लागतो आणि तोच निरर्थक शब्द पुन्हा पुन्हा दिसतो. गोलाला सुरुवात नसते.

याच्या बरोबर उलटी युक्ती संगणकाची. तो अक्षरं वर्णक्रमानं लावतो. लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल, इनलेट्स हे पाचही शब्द तसे लावले की एकच होतात: ई-आय-एल-एन-एस-टी. यादीतला प्रत्येक शब्द असा लावून ठेवला की एकाच अक्षरांचे शब्द आपोआप शेजारी येतात. स्क्रॅबलचे पट्टीचे खेळाडू ही वर्णक्रमी रूपंच पाठ करतात. सात अक्षरं टाकली की ५० गुण जादा, म्हणून एवढी मेहनत. ए-ई-आय-एन-आर-एस-टी दिसलं की त्यांना रिटेन्स, नॅस्टियर, रेटिनाज, स्टेनर एकदम दिसतात. मला अजून रिटेन्सच दिसतो.

निवांत:

क्यू हातात आणि यू नाही, याला औषध काय?

मधली सुट्टी:

आपल्या लोकांना हे पाठ असायलाच हवं! फकीर, एफ-ए-क्यू-आय-आर. तलाक, टी-ए-एल-ए-क्यू. कव्वाली, क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. नकाब, एन-आय-क्यू-ए-बी. यू लागत नाही एकालाही. आणि दोन अक्षरी 'ची', क्यू-आय, तो तर रोजचा. मात्र कुठला कोश धरलाय ते आधी ठरवा. कॉलिन्सच्या यादीत चालणारे बरेच शब्द अमेरिकन यादीत नसतात, आणि भांडण नेहमी शब्द टाकल्यावर होतं. मी एकदा कव्वालीवरून डाव सोडून उठले होते. समोरचा म्हणत होता, हा तुमच्या भाषेतला शब्द आहे. मी म्हटलं, फकीरही माझाच, तो कसा चालला मघाशी?

टिंबटिंब:

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

चाळणीवाल्यांची एक गोष्ट सांगतो. पाच अक्षरी पाच शब्द असे शोधा, की पंचवीस अक्षरांत एकही पुन्हा येत नाही. मॅट पार्कर नावाच्या गणितवाल्यानं यासाठी प्रोग्रॅम लिहिला, त्याचा लॅपटॉप साधारण महिनाभर चालत होता. २०२२ मध्ये त्यानं व्हिडिओ टाकला आणि प्रेक्षकांनी ते काम आधी मिनिटांवर, मग सेकंदांवर आणि शेवटी मिलिसेकंदांवर आणलं. युक्ती अशी: प्रत्येक शब्दापुढे २६ दिव्यांची माळ धरा, ए ते झेड. शब्दात जे अक्षर आहे त्याचा दिवा पेटवा. दोन शब्दांत सामाईक अक्षर आहे का हे बघायला अक्षरं जुळवत बसायचं नाही, दोन माळा एकमेकींवर ठेवायच्या, एकही दिवा दोन्हीकडे पेटलेला नसला की झालं. संगणकाला हे एका दमात जमतं. 'अमुक अक्षरं असलेला शब्द' हाही तसाच शोधतात. हव्या असलेल्या अक्षरांची माळ एक, शब्दाची दुसरी. (पेपरमधल्या दोन पी चा दिवा मात्र एकच, म्हणून मोजणी असेल तिथे ही माळ अपुरी.)

एक उत्तर: फ्योर्ड, गक्स, निम्फ, व्हायबेक्स, वॉल्ट्झ. राहिला फक्त क्यू.

उभाआडवा:

बघा, निम्फ तिथेही कामाला आला. स्वर पाच आणि शब्दही पाच, त्यामुळे उधळपट्टी परवडत नाही.

वेलांटी:

अवांतर: हेच मराठीत करायचं तर लांबी कशी मोजायची? 'क्षत्रिय' मला तीन अक्षरी वाटतो. क्ष, त्रि, य.

टिंबटिंब:

संगणकाला आठ वाटतो. क, हलन्त, ष, त, हलन्त, र, पहिली वेलांटी (तुम्हीच!), य. साधा ग्रेप लावला तर तीन टिंबांत क्षत्रिय कधीच सापडणार नाही. त्यावर वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं तर थांबणार नाही.

उभाआडवा:

धाग्याचा मालक परत अडकलाय. पाच घरं. शेवटची दोन यू आणि ई. सूत्र: एकामागे एक. साइट नाही, डोकं.

जुनाखडू:

शेपटी मिळाली म्हणजे अर्धं काम झालं. व्हॅल्यू, व्हेन्यू, इश्यू, आर्ग्यू, रोग, व्हेग, व्होग, फ्यूग. एकामागे एक म्हणजे... 'एन्स्यू' असेल का? मागोमाग घडणं.

उभाआडवा:

मलाही तोच वाटला होता काका. आत्ता उभा शब्द सुटला, तिसरं घर ई निघालं. एन्स्यूमध्ये तिथे एस येतो. गेला.

वेलांटी:

ओठ मिटून बघितलं. क्यू-यू-ई-यू-ई.

उभाआडवा:

वेलांटी, हात जोडले. 'क्यू' माझ्या डोक्यात आला होता हो. म्हटलं, एका अक्षराचा शब्द, पाच घरांत कुठे बसवू?

टिंबटिंब:

चाळणीनंही तेवढा एकच दिला होता. मी तुमच्या मागे उभा होतो.